अकरा पोती आणि चारशे दाणे

उन्हाळ्यात माणसं डोंगरावर जातात, समुद्रावर जातात. मी या मे महिन्यात आठ दिवसांची रजा काढून पिशोरजवळच्या एका वस्तीवर चारशे दाणे उगवायची वाट पाहत बसलो. परत आल्यावर कारखान्यात दोघांनी विचारलं, "फिरायला कुठं गेला होता?" त्यांना मी "कन्नडकडे" एवढंच सांगितलं. बाकीचं इथं लिहितो, कारण तिकडे जाणारे फार नसतात. बहुतेक जण वेरूळ पाहून माघारी वळतात.

मी उस्मानपुऱ्यात राहतो आणि वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करतो. हजारो नगांचा माल येतो, त्यातले थोडे काढायचे, मोजायचे आणि त्या थोड्यांवरून सगळ्यांबद्दल बोलायचं, हे माझं वीस वर्षांचं काम. माझी धाकटी बहीण सुमन पिशोरच्या पलीकडे चार किलोमीटरवर दिली आहे. तिच्या बचत गटातल्या दहा बायका आणि ती, अशा अकराजणींनी यंदा बाजारातलं न घेता सुमननं राखलेलं सोयाबीन पेरायचं ठरवलं होतं. तीस तीस किलोची अकरा पोती. प्रत्येकीचं एकेक एकर, प्रत्येकीला एकेक पोतं. एकरी तीस किलो हे माप शंभरातले सत्तर दाणे उगवतात असं धरून सांगितलेलं असतं. त्याहून कमी उगवणार असतील तर बी वाढवावं लागतं, नाहीतर रान विरळ राहतं आणि ते वर्ष हातचं जातं.

सुमनचा फोन आला. "दादा, शंभर दाणे लावले. चौऱ्याण्णव उगवले. तू येऊन कागदावर लिहून दे. बाया म्हणत्यात, तुझा भाऊ आकड्यातला माणूस हाय, त्याची सही पायजे."

पुढच्या शुक्रवारी बायका पोती न्यायला येणार होत्या. मी शनिवारी अकरा वाजता निघालो.

खुलताबाद

दौलताबादचा घाट चढून बस खुलताबादला आली आणि वेशीपाशी तिचं चाक बसलं. कंडक्टर अर्धा तास म्हणाला, म्हणून मी दीड तास धरला. एक तास वीस मिनिटं लागली.

तेवढ्यात मी एका दर्ग्याच्या भिंतीच्या सावलीला बसलो. पांढरी भिंत, वर कडुनिंब, आतून उदाचा वास. इथं कबरी इतक्या आहेत की गावातल्या जागत्या माणसांपेक्षा निजलेलीच जास्त असावीत. त्या दुपारी तर जागतेही पेंगत होते. पलीकडच्या दुकानाच्या फळीवर एक माणूस टोपी तोंडावर ओढून पडला होता, त्याच्या पायाशी शेळी, शेळीच्या पायाशी करडू, आणि तिघांचे श्वास एका लयीत चालले होते. सात दुकानं दिसत होती, त्यातल्या चारांत मालक झोपलेले. सगळ्या गावात किती झोपले असतील याचा मी अंदाज करायला लागलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की आतल्या घरांतला माणूस मला दिसतच नाही. जो दिसत नाही तो माझ्या हिशोबात आलाच नव्हता. एवढा विचार झाला आणि माझाही डोळा लागला.

जाग आली ती आंबेवाल्या चाचांच्या हाकेनं. हातगाडीवर गावरान आंबे होते. "चाख के देखो साब. मीठा नहीं निकला तो नक्को लेव." त्यांनी फडक्याखालून एक आंबा काढून दिला. तो साखरेसारखा होता. मी तीन किलो घेतले.

वस्तीवर

पिशोरहून दाजी, म्हणजे सुमनचे यजमान, मोटारसायकलवर न्यायला आले होते. वस्ती म्हणजे सात-आठ घरं, सिमेंटची, वर पत्रे. अंगणभर कुरडयांचं वाळवण. आमच्याकडे शहरात कुरडई दुकानातून येते आणि सणाला तळली जाते. इथं अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती आणि प्रत्येक येणाऱ्याला ओली कुरडई वाटीत घालून मिळत होती, तेल-तिखट टाकून.

सुमनच्या सासूबाईंना सगळे जिजी म्हणतात. त्यांनी माझे आंबे बादलीत घातले आणि संध्याकाळी रसाला घेतले. एकवीस आंबे निघाले. त्यातले चौदा आंबट होते.

दाजी हसून म्हणाले, "पाव्हणे, वीस वर्षं माल तपासता म्हणं."

"त्यांनी काढून दिलेला चाखला मी. स्वतः काढायला पाहिजे होता."

"ते समद्यांला ठाऊक असतंय. तुम्हांला सोडून."

ओट्याच्या भिंतीवर खडूनं ९४ लिहिलेला होता, खाली हळदीकुंकवाचं बोट. दाजींचा तो आकडा पिशोरच्या हॉटेलात चार जणांना सांगून झाला होता. जेवताना येसर आमटी आणि बाजरीची भाकरी होती. जेवण झाल्यावर मी सहज विचारलं, "ते शंभर दाणे काढले कसे?"

"जिजींनी काढले," सुमन म्हणाली.

"मला दाखवता का?"

जिजी उठल्या, एका पोत्यातून ओंजळभर सोयाबीन सुपात घेतलं आणि मोजायला बसल्या. सत्तरीतली बाई, पण बोटं कशी चालत होती. दोन दाणे पुढे, एक मागे. पाच पुढे, एक सुपाच्या कडेला. बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या, बोटांकडे नाही.

"जिजी, तो का टाकला?"

"कुठला? तो व्हय. फुटका व्हता."

"आणि तो?"

"त्याला भोक हाय."

"पण पोत्यात तसेही आहेत ना?"

"हायेत की. पोत्यात हायेत म्हनून का चांगल्यात घालायचे?"

सुमन हातातलं भांडं खाली ठेवून भिंतीवरच्या आकड्याकडे पाहत राहिली. जन्मभर धान्य निवडलेल्या हातानं शंभर दाणे काढले होते, आणि निवडणं थांबवायला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी बोटांनी ऐकलं असतं का, शंका आहे.

माझा हिशोब मी मनात करून बघितला. शंभरात चौऱ्याण्णव, म्हणजे सगळ्या पोत्यांतलं प्रमाण एकोणनव्वद ते नव्व्याण्णवच्या मध्ये कुठंतरी. गणित बिनचूक होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. आम्ही नमुन्याभोवती जे दोन आकड्यांचं कुंपण घालतो, ते फक्त योगायोगानं झालेली चूक आत धरतं. बोटांनी केलेली चूक त्याला दिसतच नाही.

"पुन्हा लावायचे?" सुमननं विचारलं.

"चारशे. आणि मी काढतो."

रविवार

प्रत्येक पोत्यातून छत्तीस दाणे, म्हणजे तीनशे शहाण्णव. उरलेल्या चार दाण्यांसाठी अकरा चिठ्ठ्या केल्या आणि चार उचलल्या. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घातला, ताटात कालवलं आणि डोळे मिटून बोटाला येईल तो दाणा काढला. जिजी शेजारी बसून होत्या. त्यांना ते बघवत नव्हतं.

"असं आंधळ्यावानी?"

"असंच."

"एवढाली पोती, अन् चारशेच दाणे. त्यानं काय कळतंय?"

मी त्यांना विचारलं, "ज्वारी वाळली का बघताना तुम्ही किती दाणे चावता?"

"चार-पाच."

"खळं केवढंही असलं तरी?"

"खळ्याचं अन् दातांचं काय?" म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "आसं व्हय," म्हणाल्या.

धुतलेल्या गोणपाटाचे चार तुकडे ओले करून अंथरले. प्रत्येकावर दहा ओळी, ओळीत दहा दाणे. वर दुसरं ओलं गोणपाट, आणि हलक्या हातानं गुंडाळी. चार गुंडाळ्या माजघरात सावलीला ठेवल्या. सुमननं पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. आता पाच दिवस कुणालाच काही करायचं नव्हतं.

सोमवार ते गुरुवार

या चार दिवसांचं नीट वर्णन मला जमणार नाही, कारण ते एकमेकांत मिसळले आहेत. मी रोज वहीत लिहितो, पण त्या चार दिवसांच्या नोंदी अशा आहेत: 'पाणी शिंपडलं, तीन वेळा.' 'झोपलो.' 'धरण.' 'झोपलो.'

इथले लोक सकाळी दहाला जेवतात आणि पुन्हा दिवस कलताना. मधली दुपार ही जणू कुणाच्याच मालकीची नसते. पत्रे तापून टकटक वाजतात. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून ऊन आत येऊन जमिनीवर रुपयाएवढे गोल पडायचे आणि दुपारभर हळूहळू गुंडाळ्यांच्या दिशेनं सरकायचे. मी माजघरात त्या गुंडाळ्यांशेजारी चटईवर पडायचो. ओल्या गोणपाटाला पावसाळ्यातल्या शाळेच्या व्हरांड्यासारखा वास येतो. अर्ध्या झोपेत मला वाटायचं की आत कुणीतरी कूस बदलतंय. आणि मग मी पोत्यांचा विचार करायचो. ढोबळ हिशोबानं एका पोत्यात अडीच लाख दाणे, अकरांत साडेसत्तावीस लाख. त्यातले किती जिवंत आहेत याला एक खरा, ठाम आकडा आहे. तो या घटकेला भिंतीपलीकडे अंधारात बसलेला आहे. तो बदलत नाही, लपतही नाही. फक्त कुणालाही माहीत नाही, आणि कधी होणारही नाही, कारण तो मोजायचा तर सगळेच भिजवावे लागतील आणि मग पेरायला काही उरणार नाही. वीस वर्षं मी असल्या आकड्यांच्या मागे आहे, पण त्यांच्या इतक्या जवळ कधी झोपलो नव्हतो.

संध्याकाळी दाजींबरोबर जवळच्या धरणावर जायचो. पाणी खूप आत गेलेलं, काठाची काळी माती भेगाळलेली. उन्हाच्या झळांत पलीकडचा डोंगर पाण्यावर तरंगताना दिसायचा, आणि बगळे उडाले की डोंगराचाच एक पांढरा तुकडा सुटून गेल्यासारखं वाटायचं. दाजी दगडावर बसून तंबाखू मळायचे. बुधवारी ते एकदम म्हणाले, "पाव्हणे, एक सांगू? सोयाबीन घरी आनलं तव्हा ट्रॉलीतून पोती मीच फेकली. वरून खाली. सुमी वरडत व्हती, साल पातळ असतंय, मुका मार लागतो. मी म्हनलं, दाणा हाय का अंडं हाय."

"सगळी फेकली?"

"मोजली नाय." मग त्यांनी मळलेला तंबाखू दाढेखाली धरला. "उगवंल ना?"

"शुक्रवारी कळेल."

"तुम्ही लई कमी बोलता राव."

सुमनही त्या दिवसांत कमी बोलत होती. भिंतीवरचा आकडा तिनं पुसला नव्हता, पण त्याच्यासमोर वाळवणाची खाट उभी करून ठेवली होती. गुरुवारी पाणी शिंपडताना म्हणाली, "दादा, गटातल्या कडूबाईनं बाजारातलं बी घ्यायचं सोडलं माझ्या शब्दावर. नवरा नाय म्हणत व्हता. तिनं भांडण करून सोडलं." मी विचारलं, आकडा कमी आला तर? शिंपडून झाल्यावर तिनं तांब्या जिथं होता तिथं बरोबर ठेवला.

शुक्रवार

सकाळी आठला गुंडाळ्या अंगणात आणल्या. पहिली उलगडली. गोणपाटाच्या तपकिरी रंगावर पांढरे, वाकडे, नखाएवढे कोंब. एक क्षण कुणी मोजलंच नाही. रांगेत झोपलेलं गाव एकाच वेळी उठून बसावं तसं ते दिसत होतं, आणि मधेमधे न उठलेले होते, फुगून काळे पडलेले.

मी मोजत होतो, सुमन लिहीत होती. एकाहत्तर. पासष्ट. अडुसष्ट. शेवटच्या गुंडाळीत सत्तर. पुन्हा उलट्या बाजूनं मोजलं, तेच आलं. चारशेत दोनशे चौऱ्याहत्तर.

"साडेअडुसष्ट टक्के," मी म्हणालो.

दाजी खाली बसले. "दीडच कमी."

कॅलेंडरच्या मागे मी गुणाकार मांडला. उगवलेल्यांचं प्रमाण गुणिले न उगवलेल्यांचं, भागिले चारशे, त्याचं वर्गमूळ, आणि त्याची जवळजवळ दुप्पट. साडेचार आले. "खरं प्रमाण चौसष्ट ते त्र्याहत्तर यांच्या मध्ये असावं. शंभर दाण्यांवर हे अंतर याच्या दुप्पट आलं असतं."

"असावं म्हंजे?" सुमननं विचारलं.

"म्हणजे मी असं शंभर वेळा केलं, शंभर वेळा नवे चारशे दाणे काढले आणि दर वेळी असं कुंपण घातलं, तर साधारण पंचाण्णव वेळा खरा आकडा आत सापडेल. पाच वेळा बाहेर राहील."

"अन् आजचं कुंपण पंचाण्णवांतलं का पाचांतलं?"

"ते मला कळत नाही. कधीच कळत नाही."

दाजींनी कॅलेंडर स्वतःकडे ओढलं. "एक सांगा. सत्तर हे तुमच्या कुंपणात हाय का नाय?"

"आहे."

"मंग सत्तर लिहा. खोटं कुठं व्हतंय? तुमचंच गणित म्हणतंय, सत्तर असू शकतंय."

मी खरं सांगतो, मला ते पटावंसं वाटलं. बहिणीचा चेहरा समोर होता, बायका दुपारी येणार होत्या, आणि सत्तर लिहिलं असतं तर कुणीही मला खोटं पाडू शकलं नसतं. पेन माझ्या हातातच होतं.

"चौसष्टही असू शकतं," मी म्हणालो.

सुमन दाण्यांकडे बघत होती. "दादा, तुझं रान असतं तर तू कशावर पेरलं असतंस?"

"चौसष्टावर."

"मंग एकरी किती लागंल?"

"तेहतीस किलो."

तिनं मनात हिशोब केला. तिला कागद लागला नाही. एकूण बी तीनशे तीस किलो. तेहतीसनं दहाच एकर होत होते.

ती उठून खाटेपाशी गेली, खाट बाजूला केली आणि पदराच्या टोकानं भिंतीवरचा आकडा पुसला. मला म्हणाली, "लिही. चौसष्ट ते त्र्याहत्तर. दोन्ही लिही. अन् चारशे दाणे, तेबी लिही."

बायका तीन वाजता आल्या, पिशव्या घेऊन. चहा झाला. सुमन कागद हातात घेऊन उभी राहिली. "मी तुमाला चौऱ्याण्णव सांगितलं व्हतं. ते चुकलं. दाणे आमच्या हातानं निवडले गेले, ते काढायचेच नव्हते तसे. आता दादानं चारशे लावले. चौसष्ट ते त्र्याहत्तर येतंय."

जिजी खाली मान घालून म्हणाल्या, "माझ्या हातानं झालं ते." एकीनं त्यांच्या बशीत चहा ओतला.

उंच, सावळ्या कडूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजे तुझ्या भावालाबी पक्कं ठाऊक नाय."

"नाय," सुमन म्हणाली. "पन किती ठाऊक नाय, ते त्याला ठाऊक हाय. म्हनून एकरी तीन किलो जास्त टाकायचं. कमीतलं कमी धरून पेरायचं. जास्ती उगवलं तर दाट रोपं उपटून इरळणी करू, पन रान मोकळं नाय ऱ्हायलं पायजे."

"तीन किलो जास्त आणायचं कुठून?"

"हाय."

दहा पोती दहाजणींच्या पुढ्यात ठेवली. दाजींनी ती एकेक करून आणली, दोन्ही हातांवर, निजलेलं मूल आणावं तशी, आणि टेकवली. मग सुमननं अकरावं पोतं उसवलं, तराजू लावला आणि प्रत्येकीला तीन तीन किलो घालायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या बाईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. आठवी पाळी कडूबाईंची होती; तेव्हा पोत्याची कूस खाली बसली आणि त्यांनी तिचा हात धरला.

"सुमे, हे कुणाचं हाय?"

"बीच हाय."

"तुझ्या रानात काय टाकशील?"

"मका. दोन वर्षं झाली, मका नाय लावली."

कडूबाईंनी आपली पिशवी मागे घेतली. सुमननं ती पुढे ओढली, पारडं तिच्यात रिकामं केलं आणि नववीला हाक मारली. दहावीचं पारडं भरता भरता पोत्यात फक्त तळाचे दाणे उरले. काटा अजून सरळ झाला नव्हता. सुमननं पोतं उलटं केलं, दोन्ही कोपरे धरून झटकलं, आणि शिवणीत अडकलेले पाच-सहा दाणे नखानं काढून पारड्यात टाकले, फुटका होता तोही. तेव्हा काटा सरळ झाला.